घर पाहावे मोजून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ही दोन कामे किती कठीण असतात ते स्वतः केल्याशिवाय कळत नाही, हा तिचा सरळ अर्थ. पण या म्हणीत आणखी एक अडचण दडलेली आहे. बहुतेक माणसे घर आयुष्यात एकदाच बांधतात. अनुभव येतो तो घर बांधून झाल्यावर, आणि तो वापरण्याची पाळी पुन्हा येत नाही. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर हा एकदाच करता येणारा प्रयोग आहे. त्याची सामग्री म्हणजे आयुष्यभराची बचत आणि पंधरा-वीस वर्षांचे कर्ज. आणि प्रयोग फसला तर तो आपल्याच डोक्यावर कोसळतो.

पुण्याच्या भोवती हा प्रयोग असंख्य कुटुंबांनी केला आहे. धनकवडी, कात्रज, आंबेगाव अशा भागांत शेतजमिनीचे तुकडे पडले आणि एक गुंठा, अर्धा गुंठा अशा मापाने ते विकले गेले. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. चौकोनी असेल तर ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्याने २००१ साली गुंठेवारी कायदा केला, आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आणली. या गुंठ्यांवर घरे बांधणाऱ्यांत रिक्षाचालक होते, कारखान्यातले कामगार होते, शिक्षकही होते. बांधकामाचा अनुभव कुणालाच नव्हता. ओळखीचा मिस्त्री सांगेल ते खरे, अशीच बहुतेकांची स्थिती होती.

अनुभव नसेल तर माणसाने काय करावे? आमचे उत्तर असे आहे: ज्याला अनुभव नाही त्याने मोजावे. आणि ते वेळेवर मोजावे, कारण घराच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. ज्यावर घर उभे राहते ते सारे लवकरच दिसेनासे होते. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, काँक्रीट गिलाव्याखाली जाते. डोळ्यांना शेवटी दिसतात ते रंग, फरशा आणि खिडक्या, आणि मालकाचे बहुतेक लक्षही तिथेच असते. म्हणून जे झाकले जाणार आहे ते झाकले जाण्याआधी तपासायचे, हा पहिला नियम. त्यासाठी लागणारे विज्ञान आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांपलीकडचे नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही स्थापत्य अभियंते नाही, आणि हा लेख वाचून कुणी अभियंत्याला रजा देऊ नये. घराचा आराखडा आणि त्यातल्या सळयांचा हिशेब प्रशिक्षित अभियंत्याकडूनच करून घ्यायला हवा. पण आराखडा कागदावर असतो आणि घर जागेवर होते. या दोहोंमधले अंतर मालकाला मोजता आले पाहिजे.

पायाखाली काय आहे?

पुण्याची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. वरच्या थरातला पाषाण झिजून, कुजून मुरूम होतो, आणि मुरमाची आणखी झीज झाली की काळी माती. टेकड्यांच्या उतारावर हात-दोन हात खणले की मुरूम लागतो. नदी-ओढ्यांच्या काठी आणि सखल भागात मात्र काळ्या मातीचा थर जाड असतो.

घराचे वजन जमिनीला पेलेल का, ही नवख्या माणसाची पहिली काळजी. तिचा हिशेब करून पाहू. नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाडीची आणि ३ मीटर उंचीची विटांची भिंत घेतली, तर तिच्या एक मीटर लांबीचे वजन सुमारे १३०० किलो भरते. दोन मजल्यांचे झाले २६०० किलो. स्लॅब, फरशी, माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो धरू. भिंतीवर स्लॅबची दीड मीटर रुंदी टेकत असेल तर दोन स्लॅबचे १८०० किलो होतात. पायाचे स्वतःचे वजन मिळवले की भिंतीच्या एक मीटर लांबीखाली साडेचार ते पाच टन येतात. पाया ६० सेंटिमीटर रुंद असेल तर जमिनीवरचा दाब दर चौरस मीटरला आठ टनांच्या आसपास जातो.

हा आकडा भीतिदायक वाटतो. पण ६० किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याच्या तळव्याचे क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर त्याच्या तळव्याखालचा दाबही चौरस मीटरला चार टन असतो. दुमजली घर जमिनीला दाबते ते एका पायावर उभ्या असलेल्या माणसाच्या दुपटीनेच! कॉलमचे घर असेल तर हेच वजन मोजक्या ठिकाणी एकवटते, म्हणून तेथे फुटिंग पसरट करतात. तत्त्व तेच: क्षेत्रफळ वाढवा, दाब कमी करा.

खरा धोका वजनाचा नसून फुगण्याचा आहे. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या कणांत पत्त्यांच्या जोडासारखे अतिशय पातळ थर असतात आणि पाणी या थरांमध्ये शिरून त्यांना दूर सारते. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतात आपण तिच्या भेगा पाहतोच. फुगताना ती वर इतका दाब देते की हलके, एकमजली घर ती सहज उचलू शकते. सारे घर सारखे उचलले गेले असते तर बिघडले नसते; पण एक कोपरा न्हाणीघराच्या पाण्याने ओला आणि दुसरा कोरडा, असे असले की भिंतीला तिरकी भेग पडते.

आपल्या जागेतली माती किती फुगते हे वर्गात मोजता येते. माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळून घ्यावी. मोजपात्रे दोन घ्यावीत. प्रत्येकात १० घनसेंटिमीटर माती टाकून एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतावे, ढवळून हवा काढावी आणि चोवीस तास ठेवावे. रॉकेल मातीच्या थरांत शिरत नाही, त्यामुळे ते पात्र तुलनेसाठी. पाण्यातली माती १७ घनसेंटिमीटर झाली आणि रॉकेलमधली १० च राहिली, तर फुगण्याचे प्रमाण ७० टक्के. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आत असेल तर माती कमी फुगणारी मानतात. १०० च्या वर गेले तर धोका बराच. थर पातळ असेल तर तो पूर्ण काढून पाया मुरमात न्यावा. थर जाड असेल तर रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कांद्यासारखे फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल, वापरता येतात. जागेवर डबर-मातीचा भराव टाकलेला असेल तर त्यावर पाया कधीच टेकवू नये. ही सारी पाहणी खड्डा उघडा असतानाच करायची.

दोरी, ओळंबा आणि पाणी

गवंड्याची हत्यारे म्हणजे भूमिती आणि भौतिकशास्त्राची चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. आखणी करताना तो दोरीवर ३, ४ आणि ५ अशी मापे घेऊन काटकोन काढतो. पायथॅगोरसचा सिद्धान्त त्याने ऐकलेला असो वा नसो. लहान त्रिकोणात चूक लपते, म्हणून १२, १६ आणि २० फुटांचा त्रिकोण घ्यावा. दुसरी तपासणी कर्णांची. ३३ फुटी चौरसाचा कर्ण ४६ फूट ८ इंच यायला हवा, आणि मुख्य म्हणजे दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. चारही बाजू नेमक्या ३३ फूट असून कर्णांत सहा इंचांचा फरक पडला, तर चौकोन एका टोकाला सव्वाचार इंच कलला आहे असे समजावे. ही चूक आखणीच्या दिवशी खुंटी सरकवून दोन मिनिटांत सुधारते. नाहीतर ती फरशी बसवताना उघडी पडते, आणि तेव्हा काहीच करता येत नाही.

पातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरतात. नळीची दोन्ही तोंडे उघडी असतात, दोन्हीकडे हवेचा दाब सारखा असतो, म्हणून पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबते, मग नळी मध्ये कितीही वळणे घेवो. अट एकच: नळीत हवेचा बुडबुडा नको. बुडबुडा उभ्या भागात अडकला तर त्या बाजूचा पाण्याचा स्तंभ हलका होतो आणि पातळी चुकते. माप घेण्यापूर्वी दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहावे. ही तपासणी मुले फार आवडीने करतात.

वाळूचे माप

वाळू ब्रासने मिळते. ब्रास म्हणजे १०० घनफूट. आता एक प्रयोग पाहा. एका डब्यात किंचित ओलसर वाळू काठोकाठ भरा. मग तिच्यावर भरपूर पाणी ओतून काठीने ढवळा. वाळू खाली बसते. पातळी कधी कधी पाचव्या हिश्श्याने उतरते. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांपासून दूर राहतात. पूर्ण बुडवल्यावर हा परिणाम नाहीसा होतो. म्हणजे ओलसर वाळूचा ब्रास विकत घेणारा काही वेळा ८० घनफूट वाळू आणि २० घनफूट हवा विकत घेतो. घमेल्याने माप घेणारा गवंडीही नकळत वाळू कमी टाकतो.

वाळूतला गाळ पाहण्यासाठी काचेची बाटली पुरते. निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. खूप हलवून तीन तास ठेवावी. जड कण आधी बसतात, सूक्ष्म गाळ सर्वांत शेवटी, त्यामुळे वर त्याचा वेगळा थर दिसतो. मिठामुळे चिकणमातीचे कण एकत्र येऊन लवकर बसतात. गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. पुण्यात आता नदीच्या वाळूऐवजी बेसॉल्ट फोडून केलेली कृत्रिम वाळूच बहुधा वापरतात. तिच्यातली भुकटी चिकणमाती नसून दगडाची असते, म्हणून तिची मर्यादा थोडी सैल आहे. पण पीठच जास्त दिसले तर तीही नको.

सिमेंट वाळत नाही

'स्लॅब वाळला का?' असे सगळेच विचारतात. या प्रश्नातच एक गैरसमज आहे. चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होते. ही क्रिया पाण्याखालीही चालू राहते. सिमेंटच्या दोन सारख्या वड्या थापा. घट्ट झाल्यावर एक भर उन्हात ठेवा आणि दुसरी पाण्याच्या बादलीत. आठवड्याने दोन्ही मोडून पाहा. बादलीतली अधिक चिवट निघते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाड्यांच्या, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती पाण्याने भिजून ढासळल्या. मातीच्या बांधकामाचे पाणी हे वैरी. सिमेंटच्या बांधकामाची पहिल्या काही दिवसांत पाणी ही दाई असते.

पण या दाईचेही प्रमाण ठरलेले आहे. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीला पूर्ण रासायनिक क्रियेसाठी १९ लिटरच्या आसपास पाणी पुरते. एवढ्या पाण्यात काँक्रीट हाताळता येत नाही, म्हणून थोडे जास्त घालावे लागते. घरांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ ने गोणीमागे ३० लिटरची कमाल मर्यादा घातली आहे. वाळूतली ओलही यातच धरायची. एका गोणीला लागणाऱ्या वाळूत पाच टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी आधीच आलेले असते. काँक्रीट सहज पसरावे म्हणून मजूर डबाभर पाणी वाढवतात. क्रियेत न वापरलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते. पाणी वाढले की ताकद घटते हा नियम अमेरिकेतील डफ अब्रॅम्स यांनी १९१८ साली मांडला. गोणीमागे ३० ऐवजी ४० लिटर पाणी पडले तर ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होते. सिमेंट तेवढेच, खर्च तेवढाच, दिसायलाही तसेच!

मालकाने करायचे काय? मिक्सरजवळ खुणा केलेली बादली ठेवायची आणि पाणी त्याच बादलीने घालायला सांगायचे. शक्य असेल तर पत्र्याचा शंकू करून घ्यावा: उंची ३० सेंटिमीटर, तळाचा व्यास २०, वरचा १०. त्यात काँक्रीट ठासून भरावे आणि शंकू अलगद वर उचलावा. ढीग पाच ते दहा सेंटिमीटर खचला तर ठीक. आमटीसारखा पसरला तर पाणी जास्त.

स्लॅब घातल्यानंतरचे दिवस सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेव्हाच सर्वजण थकलेले असतात. सात दिवसांत काँक्रीटला त्याच्या २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पण ती ओल टिकली तरच. मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किंवा कोरड्या उन्हाळ्यात किमान दहा दिवस ओल हवी. पुण्याच्या एप्रिलमध्ये सकाळी मारलेले पाणी अकरापर्यंत उडून जाते. म्हणून स्लॅबवर छोटे बांध घालून वाफे करावेत आणि त्यात पाणी साठवावे. कॉलमला ओली पोती गुंडाळावीत.

सळई कोणत्या बाजूला?

काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच असते. ताण सळई घेते. दोन्ही पदार्थ उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून हा संसार टिकतो. आता प्रश्न असा की ताण कोठे येतो?

जाड स्पंजचा लांबट तुकडा घ्या आणि त्याच्या बाजूवर पेनाने उभ्या समांतर रेषा काढा. दोन टोके दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये दाबा. खालच्या बाजूला रेषा दूर जातात, वरच्या बाजूला जवळ येतात. ताण खाली आहे. स्लॅबच्या मध्यभागी मुख्य सळई खाली असते ती यासाठी. आता एक टोक पुस्तकाखाली दाबून दुसरे मोकळे सोडा आणि मोकळ्या टोकावर बोटाने दाब द्या. चित्र उलटे होते. ताण वरच्या बाजूला येतो. हीच घराची गॅलरी, हाच छज्जा. तेथे मुख्य सळई वर हवी.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने हा स्पंजचा प्रयोग सातवीच्या वर्गात कितीदा तरी केला होता. त्यांच्या स्वतःच्या घराचा स्लॅब पडायच्या आदल्या संध्याकाळी त्या सेंट्रिंगवर चढल्या. गॅलरीच्या सळया नकाशाप्रमाणे वर बांधलेल्या होत्या. पण दिवसभर लोकांच्या पायांखाली दबून त्या जवळजवळ तळाला टेकल्या होत्या. दहा सेंटिमीटर जाडीच्या गॅलरीत वरून दोन सेंटिमीटरवर असलेली सळई तळापासून आठ सेंटिमीटरच्या तरफेने काम करते. ती दबून चार सेंटिमीटरवर आली की ताकद निम्म्यावर येते; तळाला टेकली की जवळजवळ उरतच नाही. बाईंनी अभियंत्याला फोन केला. ते रात्री आले, सळयांखाली लोखंडी खुर्च्या बसवून घेतल्या, आणि स्लॅब एक दिवस पुढे गेला. जास्तीचा खर्च झाला तो मिक्सरच्या एका दिवसाच्या भाड्याचा. त्या गॅलरीत आज तुळशीची कुंडी आहे आणि संध्याकाळी घरातली चार माणसे तेथे बसतात.

सळईभोवतीचे काँक्रीटचे आवरणही तेवढेच महत्त्वाचे. काँक्रीट तीव्र आम्लारिधर्मी असते आणि त्यात लोखंड गंजत नाही. आवरण पातळ असेल तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल लवकर आत पोचतात, सळई गंजते, गंज लोखंडाहून जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटचे पापुद्रे निघतात. स्लॅबला २० आणि कॉलमला ४० मिलिमीटर आवरण राहावे म्हणून सिमेंटचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, लावतात. खडीचा तुकडा सरकवून हे काम भागत नाही.

आणखी एक मजला

गुंठ्यांच्या वस्त्यांत गच्चीवर आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गंजक्या सळया सगळ्यांनी पाहिल्या असतील. मुलगा कमावता झाला की वरचा मजला काढू, ही त्यामागची आशा. ती चुकीची नाही. पण तिचा हिशेब पायाशी करावा लागतो. दोन मजल्यांसाठी काढलेल्या फुटिंगवर चार मजले चढवले तर खालच्या कॉलमवरचे वजन जवळजवळ दुप्पट होते. वरच्या मजल्यावर उभे राहणाऱ्याला तळाचा कॉलम दिसत नाही, फुटिंग तर नाहीच. सप्टेंबर २०१२ मध्ये पुण्यात तळजाई पठारावर बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून भविष्यात किती मजले हवेत ते पहिल्याच दिवशी अभियंत्याला सांगावे, आणि तेवढ्यावरच थांबावे.

किल्लारीचा धडा

हे सारे सामान्य माणसाला खरोखर शिकता येते का? याचे मोठ्या प्रमाणावरचे उत्तर मराठवाड्यात मिळाले, मात्र फार जबर किंमत मोजून. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाचे माप ६.२ च्या आसपास होते. एवढ्या भूकंपात इतके बळी जाण्याचे मुख्य कारण घरांच्या रचनेत होते. भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या आणि दोन पदरी होत्या. बाहेरचा पदर आणि आतला पदर यांना जोडणारे आरपार दगड नव्हते. मध्ये गोटे-माती भरलेली. वर धाब्याचे मातीचे छप्पर. उन्हाळ्यात गारवा मिळावा, पावसात गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर माती वाढवत गेलेली. ४५ सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला ७०० किलोच्या घरात जाते, काँक्रीटच्या स्लॅबच्या दुपटीहून अधिक. जमीन हलली की प्रत्येक वस्तूवर तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात आडवे बल येते. न्यूटनचा दुसरा नियमच तो. जड छप्पर म्हणजे जबर धक्का. त्या धक्क्याने भिंतीचे दोन पदर दोन बाजूंना फुटले. लाकडी खांबांवर छप्पर पेललेल्या काही घरांत मात्र भिंती पडूनही छप्पर उभे राहिले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम झाला त्यात पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्याने वसवली गेली. त्याहून कमी गाजलेला पण अधिक शिकवणारा भाग दुरुस्ती-मजबुतीकरणाचा होता. सुमारे दोन लाख घरे त्यात आली आणि मजबुतीकरणाचे काम घरमालकांनी स्वतः गवंडी लावून करून घेतले. अनुदान टप्प्याटप्प्याने मिळत होते. गावागावांत 'संवाद सहायक' म्हणून स्त्रियांना तयार करण्यात आले. हे काम 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने केले. ज्यांनी कधी थापी हातात धरली नव्हती अशा स्त्रिया इतरांना समजावू लागल्या की छपरावरची माती का कमी करायची, भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरून दोन पदर का शिवायचे, आणि भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा का फिरवायचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तेच काम हा पट्टा करतो. कारण कळल्यावर काम तपासणे त्यांना अवघड गेले नाही.

किल्लारीचा परिसर तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत सुरक्षित, पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली नकाशा सुधारला, पहिला झोनच रद्द झाला, आणि पुणे तिसऱ्या झोनमध्ये दाखवले गेले. १९६७ चा कोयनेचा भूकंप तर आपल्या उशालाच झाला. त्यामुळे जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर सलग पट्टा ही चैन नसून पुणेकरांच्या घरांचीही गरज आहे.

वर्गात आणि घरी

वर सांगितलेले प्रयोग शाळेत सहज होतात: मातीचे फुगणे, वाळूतला गाळ, ओलसर वाळूचे बसणे, सिमेंटच्या दोन वड्या, रेषा काढलेला स्पंज, पाण्याची नळी. शाळेजवळ एखादे बांधकाम चालू असेल तर परवानगी घेऊन गवंडीकाकांना तासाभरासाठी वर्गात बोलवावे. ओळंबा, गुण्या आणि लेव्हलची नळी घेऊन ते येतील. त्यांना नियमांची नावे माहीत नसतील, मुलांना हत्यारांची. दोघेही एकमेकांना शिकवतील.

ज्यांच्या घरी बांधकाम निघाले असेल त्या मुलांना एक वही घालून द्यावी. तिच्यात फक्त झाकल्या जाणाऱ्या गोष्टींची नोंद करायची: पायाचा खड्डा किती खोल गेला आणि तळाला काय लागले, दोन कर्ण किती आले, प्रत्येक कॉलमच्या सळया किती आणि रिंगा किती अंतरावर, गोणीमागे पाणी किती, स्लॅब कोणत्या तारखेला पडला आणि त्यावर किती दिवस पाणी उभे राहिले. शेजारी फोटो चिकटवावेत. पंधरा-वीस वर्षांनी भिंतीला भेग पडेल, गच्ची गळेल किंवा वर मजला काढण्याचा विषय निघेल, तेव्हा अभियंता पहिला प्रश्न विचारील: 'आत काय आहे?' त्या वेळी ही वही काढून त्याच्या हाती द्यावी.